ताबी, रबर आणि रस्ता : दीर्घ पल्ल्याच्या धावण्यातील पादत्राणाचा जपानी इतिहास

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत पादत्राणाकडून तीन गुणांची अपेक्षा केली जाते. ते टिकावे, पायाला सुखकर असावे आणि वजनाने हलके असावे. हे तीन गुण परस्परांना पोषक नाहीत. तळ जाड केला तर तो टिकतो, परंतु जड होतो. तळ पातळ ठेवला तर पाऊल मोकळे राहते, परंतु रस्त्यावरील खडीचा प्रत्येक दाणा तळव्याला जाणवतो. म्हणून योग्य पादत्राण कोणते, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. रस्ता कसा आहे, साहित्य कोणते हाताशी आहे आणि धावणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेणारा कारागीर आहे की नाही, या तीन गोष्टींवर ते अवलंबून राहिले.

क्रीडासाहित्याच्या प्रचलित इतिहासात पहिल्या दोन गोष्टींना पुष्कळ स्थान मिळते. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली रबराच्या गंधकीकरणाचे एकस्व मिळविले, त्यातून रबरी तळाचे कापडी बूट शक्य झाले आणि पुढे कारखान्यांनी ते परिपूर्ण केले, असा तो क्रम सांगितला जातो. तिसरी गोष्ट या कथनात बहुधा हरवते. तिचे महत्त्व जाणून घ्यावयाचे तर जपानमधील ताबी या पादत्राणाचा विसाव्या शतकातील प्रवास पाहणे उपयुक्त ठरते.

१. शाळेजवळचे दुकान

ताबी हा जाड कापडाचा, घोट्यापर्यंत येणारा मोजा होय. अंगठा आणि इतर बोटे यांमध्ये त्याला फाट असते आणि मागील बाजूस तो धातूच्या लहान आकड्यांनी बंद केला जातो. तो मुळात धावण्यासाठी निर्माण झालेला नव्हता. १९११ च्या नोव्हेंबरात टोकियोनजीक हानेदा येथे ऑलिंपिकसाठी निवड शर्यत झाली, तेव्हा टोकियो उच्च शिक्षक विद्यालयाचे विद्यार्थी कानाकुरी शिझो हे ताबी घालूनच धावले. सुमारे २५ मैलांचे अंतर त्यांनी २ तास ३२ मिनिटे ४५ सेकंदांत पार केल्याची नोंद झाली. मार्गाच्या मोजणीविषयी पुढे शंका घेतली गेली; परंतु शर्यतीत त्यांच्या ताबीचे तळ फाटून गेले, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या वेळेहून अधिक महत्त्वाची आहे.

त्यांच्या विद्यालयाजवळ ओत्सुका भागात कुरोसाका शिन्साकु यांचे 'हारिमाया' नावाचे ताबीचे दुकान होते. कानाकुरी आपले गाऱ्हाणे घेऊन तेथे गेले आणि कुरोसाका यांनी स्टॉकहोमसाठी अधिक जाड कापडी तळाच्या ताब्या शिवून दिल्या. १४ जुलै १९१२ रोजी झालेल्या त्या ऑलिंपिक शर्यतीत उष्मा भयंकर होता. पोर्तुगालचे धावक फ्रान्सिस्को लाझारो कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. धावकांपैकी सुमारे निम्म्यांनाच शर्यत पूर्ण करता आली. कानाकुरीही वाटेत कोसळले आणि मार्गालगतच्या एका कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली. या माघारीचे खापर ताबीवर फोडणे अयोग्य होईल. उन्हाचा तडाखा हेच तिचे उघड कारण होय. तथापि युरोपातील कठीण रस्त्यांपुढे कापडी तळ अपुरा आहे, हा धडा कानाकुरी घेऊन परतले.

२. कापडाकडून रबराकडे

पुढील काही वर्षांत धावक आणि कारागीर यांच्या संवादातून ताबीचे रूप पालटले. तळाला रबर आले आणि रस्त्यावर पकड मिळावी म्हणून त्यावर खाचा पाडण्यात आल्या. मागील आकड्या काढून टाकून पायाच्या वरच्या बाजूस नाडी बांधण्याची सोय झाली. हा बदल दिसावयास किरकोळ वाटतो. पण आकड्यांनी बंद होणारी ताबी ठरावीक मापाचीच राहते, तर नाडी धावकाला सैल किंवा घट्ट करता येते. लांब अंतरात पाऊल सुजते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच या सोयीचे मोल कळते. १९१९ साली कानाकुरी यांनी शिमोनोसेकी ते टोकियो हे सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर २० दिवसांत धावून पार केले. ही धाव म्हणजे नव्या ताबीची कसोटीच होती. दररोज सरासरी ६० किलोमीटर याप्रमाणे तीन आठवडे चाललेल्या त्या कसोटीत टिकाऊपणा आणि सुखदता हे दोन्ही गुण एकाच वेळी तपासले गेले. ही पादत्राणे पुढे 'कानाकुरी ताबी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२० साली टोकियो ते हाकोने ही विद्यापीठांची टप्प्याटप्प्याची शर्यत सुरू झाली. तिच्या प्रवर्तकांतही कानाकुरी होते.

याच सुमारास रबरी तळाची ताबी कष्टकऱ्यांच्या पायांतही आली. कुरुमे येथील इशिबाशी बंधूंनी १९२३ साली ती बाजारात आणली आणि त्या घराण्यातील इशिबाशी शोजिरो यांनी १९३१ मध्ये ब्रिजस्टोन ही टायर कंपनी स्थापिली. धावकाचा आणि मजुराचा प्रश्न एकच होता : कापड पायाला सुखवते, परंतु रस्ता ते खाऊन टाकतो.

३. अँटवर्प आणि पुणे

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन विजयी झाले. कानाकुरी १६ वे आले, तर त्यांच्यानंतर दोन मिनिटांनी १९ व्या क्रमांकावर बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले पोहोचले. चौगुले यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद इतकी होती. चौगुले आणि त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार यांना युरोपास पाठविण्यामागे पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा यांचे परिश्रम होते. टाटा यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात पुण्याच्या शर्यतींचे स्मरण केले आहे. शेतात राबणारी मुले तेथे अनवाणी धावत होती आणि त्यांच्या वेळा युरोपीय वेळांच्या जवळ जात होत्या, असा त्याचा आशय आहे.

कानाकुरी आणि चौगुले यांच्यातील दोन मिनिटांवरून कोणताही सिद्धान्त मांडता येणार नाही. परंतु दोघांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या व्यवस्थांची तुलना करता येते. टाटांच्या आठवणीत धावणारे आहेत, संयोजक आहेत, अर्थसाहाय्य करणारा उद्योगपती आहे; पादत्राण घडविणारा कारागीर मात्र नाही. कौशल्याचा अभाव हे याचे कारण नव्हे. कोल्हापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातील वहाणांची कीर्ती सर्वज्ञात आहे आणि चौगुले तर त्याच मुलखातले. उणीव होती ती धावक आणि कारागीर यांना वारंवार एकत्र आणणाऱ्या नात्याची. चर्मकाम आपल्याकडे जातीशी जखडलेले होते. वहाण वापरणारा आणि ती शिवणारा यांच्यामध्ये माप घेण्यापुरताच संबंध येई. बरोबरीने बसून चर्चा करण्याइतका तो क्वचितच येत असे. जपानमध्येही चर्मकाम करणारे समाज बहिष्कृत गणले गेले होते, हे विसरता कामा नये. परंतु ताबी कापडाची असल्यामुळे ती शिवणारा दुकानदार त्या कलंकाबाहेर राहिला. विद्यार्थी त्याच्या ओट्यावर बसून भांडू शकला आणि पुढील आठवड्यात परत येऊ शकला. एका पादत्राणाची सुधारणा शक्य व्हावी आणि दुसऱ्याची खुंटावी, यामागे अशी सामाजिक कारणे संभवतात. केवळ साहित्याचा विचार करणाऱ्या इतिहासाला ती दिसत नाहीत.

४. बर्लिन आणि बोस्टन

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन सोन की-चुंग यांनी २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत जिंकली. त्यांच्या पायांत फाट असलेली ताबीच होती. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली असल्यामुळे या कोरियन धावकाला जपानी नावाने आणि जपानच्या ध्वजाखाली धावावे लागले. स्वदेशी कारागिरीचा गौरव करताना तिच्यावर साम्राज्याची सावलीही पडली होती, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. १९५१ साली हिरोशिमा जिल्ह्यातील १९ वर्षांचे तानाका शिगेकी यांनी बोस्टनची शर्यत २ तास २७ मिनिटे ४५ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्यांच्या दुभंगलेल्या पादत्राणांकडे अमेरिकन प्रेक्षक कुतूहलाने पाहत होते. दोन वर्षांनी यामादा केइझो यांनी तीच शर्यत जिंकली, तेव्हा हारिमायाच्या पादत्राणातील ती फाट नाहीशी झाली होती. ताबीचे धावण्याच्या बुटात रूपांतर येथे पूर्ण झाले.

५. फोडांचा प्रश्न

ओनित्सुका किहाचिरो यांनी १९४९ साली कोबे येथे आपला उद्योग सुरू केला. १९५३ मध्ये त्यांनीही प्रथम मॅरेथॉन ताबीच काढली. तळ टिकू लागला होता; आता प्रश्न होता तो फोडांचा. लांब शर्यतीत पायाला फोड येणारच, अशी धावकांचीही समजूत होती. फोडांच्या मुळाशी घर्षणातून निर्माण होणारी उष्णता आहे, हे वैद्यकाच्या जाणकारांकडून समजून घेऊन ओनित्सुका यांनी हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनाचा दृष्टान्त डोळ्यांसमोर ठेवला. पुढे आणि बाजूंस छिद्रे ठेवून, प्रत्येक पावलागणिक गरम हवा बाहेर जावी आणि थंड हवा आत यावी, अशी रचना त्यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केली. सुखदता म्हणजे केवळ मऊपणा नव्हे, हे या शोधाचे सार आहे.

त्याच १९६० साली रोममध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावून विजयी झाले. त्यांची वेळ २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद होती. हा विजय पादत्राणाच्या विरोधातील पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. वस्तुतः तेथे उपलब्ध झालेले बूट त्यांच्या पायाला नीट बसले नाहीत, म्हणून सरावातील सवयीप्रमाणे ते अनवाणी धावले. अपुऱ्या मापाच्या बुटापेक्षा उघडा पाय बरा, एवढेच यातून सिद्ध होते. १९६१ साली ओसाका येथील शर्यतीत ओनित्सुका यांनी आग्रह केल्यावर बिकिला यांनी बूट चढविले आणि ते जिंकले. १९६४ मध्ये टोकियोत बूट घालूनच त्यांनी २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद ही त्या काळची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदविली.

६. समारोप

१९६४ सालीच फिल नाइट आणि बिल बोवरमन यांनी ओनित्सुकाचे बूट अमेरिकेत विकण्यासाठी ब्लू रिबन स्पोर्ट्स ही संस्था काढली. तिचेच पुढे नायकी झाले. ओनित्सुकाची कंपनी १९७७ साली विलीनीकरणातून आसिक्स बनली. येथून पुढे गाऱ्हाणे ऐकण्याचे काम ओट्यावरून प्रयोगशाळेत गेले आणि धावक ग्राहक झाला. तळाचा फेस हलका होत गेला, जाडी वाढत गेली, तेव्हा २०२० साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची मर्यादा ४० मिलिमीटर अशी ठरवून द्यावी लागली. २०२३ मध्ये आदिदासने आणलेला १३८ ग्रॅमचा एक बूट एका मॅरेथॉनपुरता आणि त्याच्या पूर्वसरावापुरताच आहे, असे कंपनीनेच सांगितले. ज्या टिकाऊपणासाठी कानाकुरी पुन्हा पुन्हा हारिमायाची पायरी चढले, तो गुण येथे वेगासाठी जाणूनबुजून सोडण्यात आला.

तीन गुणांतील कोणता सोडावयाचा, हा निर्णय पादत्राणाच्या इतिहासात कधीच टळलेला नाही. बदलले ते निर्णय करणारे. हारिमायाच्या ओट्यावर तो धावकाच्या फुटलेल्या तळव्याकडे पाहून घेतला जात होता. त्यामुळेच शिमोनोसेकीहून निघालेला कानाकुरी यांचा पाय टोकियोपर्यंत पोहोचू शकला.