गरज आणि मागणी

घरगुती बोलण्यांत 'गरज' आणि 'मागणी' हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थानें वापरले जातात. मूल भुकेलें झालें म्हणजे त्याला अन्नाची गरज असते आणि तें अन्न मागतें; ह्यापलीकडे त्या दोन शब्दांत भेद करण्याचें कारण पडत नाहीं. अर्थशास्त्रांत मात्र त्यांच्यामध्यें मोठें अंतर आहे. गरज पोटांत असते. मागणी बाजारांत असते, आणि बाजारांत उभें राहण्यास गांठीं पैसा लागतो. ज्या गरजेच्या पाठीशीं पैसा आहे तिलाच अर्थशास्त्र मागणी म्हणतें. हा भेद शास्त्राच्या पहिल्याच पाठांत सांगितला जातो, आणि राज्यकारभाराच्या धामधुमींत तोच प्रथम विसरला जातो. तो विसरल्याचें मोल दख्खनच्या पठारानें १८७६ ते १८७८ ह्या काळांत दिलें. परंतु ती हकीकत समजण्यासाठीं अर्थशास्त्रज्ञ जगाचीं चित्रें कशीं काढतात आणि कां काढतात, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अशा चित्रांपैकीं एक फार जुनें व प्रसिद्ध चित्र एका वैद्यानें काढलें. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई ह्याच्या दरबारीं फ्रान्स्वा केने हा वैद्य होता. १७५८ सालीं त्यानें व्हर्सायच्या राजवाड्यांत एक सारणी तयार केली. साऱ्या राष्ट्राचे त्यानें तीन वर्ग कल्पिले: शेतकरी, जमीनमालक आणि कारागीर. शेतांत निर्माण झालेली संपत्ति खंडाच्या रूपानें मालकाकडे जाते, तेथून खर्चाच्या रूपानें शेतकऱ्याकडे व कारागिराकडे परतते, आणि पुन्हा फिरूं लागते, हें त्यानें नागमोडी रेषांनीं दाखविलें. शरीरांत रक्त फिरतें हें ज्यास ठाऊक, त्यास राष्ट्रांत पैसा फिरतो ही कल्पना सुचावी ह्यांत नवल नाहीं. त्या चित्रांत युद्ध नव्हतें, अवर्षण नव्हतें, दरबारचीं कारस्थानें नव्हतीं. तीं केनेला दिसत नव्हतीं असें नव्हे. सगळेंच एकदम दाखवूं गेलें तर कांहींच दिसत नाहीं, म्हणून त्यानें तीं वगळलीं. पण त्याच चित्रांत त्यानें कारागिरांना 'वांझ' वर्ग ठरविलें. संपत्ति केवळ जमीनच प्रसवते, असें त्यानें धरून चाललें होतें. म्हणजे पहिल्यापासूनच अशा चित्रांत दोन गोष्टी एकत्र नांदत आल्या आहेत: गुंता सोडविणारी सोपी मांडणी, आणि त्या मांडणीच्या पोटांत दडलेलें एखादें गृहीतक.

केनेच्या मागून साठ वर्षांच्या आंत ही पद्धति पुष्कळ धारदार झाली. लंडनच्या रोखेबाजारांत संपत्ति मिळविलेल्या डेव्हिड रिकार्डो ह्यानें १८१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एक लहानसें उदाहरण घेतलें. समजा, ठराविक कापड विणण्यास इंग्लंडांत १०० माणसांचें वर्षभराचें श्रम लागतात आणि ठराविक मद्य करण्यास १२०. पोर्तुगालांत त्याच कापडास ९० माणसें पुरतात आणि मद्यास ८०. दोन्ही मालांत पोर्तुगालच सरस ठरतो. मग त्यानें इंग्लंडचें कापड कां घ्यावें? रिकार्डोचें उत्तर असें कीं, पोर्तुगालांत ८० माणसांनीं मद्य करून तें इंग्लंडास दिलें आणि बदल्यांत कापड घेतलें, तर ९० माणसांचें काम ८० माणसांत होतें. इंग्लंडलाही १०० माणसांच्या कापडावर १२० माणसांचें मद्य मिळतें. दोन्ही पक्षांचा लाभ होतो.

ह्या चार आंकड्यांत अर्थशास्त्राचें एक मूलतत्त्व सांठविलेलें आहे. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळविण्यासाठीं जी दुसरी वस्तु सोडावी लागते ती. निष्णात वकील स्वतः उत्तम नकलकारही असला, तरी तो नकला करण्यास कारकून ठेवतो, ह्याचें कारण हेंच. जो तास तो नकलांत घालवील त्या तासाची वकिली त्याला सोडावी लागेल.

परंतु हें उदाहरण उभें आहे तें कांहीं अटींवर. एका देशाच्या आंत मजूर आणि भांडवल एका धंद्यांतून दुसऱ्या धंद्यांत सहज जातात. देशाची सीमा ओलांडून मात्र जात नाहींत. आणि कापड सोडलेला विणकर रिकामा बसत नाहीं, तो द्राक्षाच्या मळ्यांत कामास लागतो. ह्यांतील दुसरी अट रिकार्डोनें स्वतःच बोलून दाखविली होती. भांडवल आणि मजूर मोकळेपणें जाऊं लागले तर दोन्ही माल पोर्तुगालांतच करणें सोयीचें होईल, हें त्यानें लिहून ठेविलें. मूळ लेखकाला आपल्या अटी ठाऊक असतात. त्याच्या मागून येणारांच्या हातीं बहुधा केवळ निष्कर्ष पडतो.

धान्याच्या व्यापाराविषयीं असेंच घडलें. अॅडम स्मिथ ह्यानें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत धान्यव्यापाऱ्याची बाजू मांडली होती. पीक थोडें आल्याची चाहूल लागतांच व्यापारी भाव चढवितो. भाव चढला म्हणजे लोक जपून खातात, आणि थोडें धान्य पुढील सुगीपर्यंत पुरतें. जहाजावर शिधा कमी पडेलसें दिसतांच शहाणा कप्तान खलाशांचा वांटा आधींच कमी करतो, तसेंच हें. सरकारनें भाव बांधून दिले तर धान्य बाजारांतून नाहींसें होतें आणि टंचाईचा दुष्काळ होतो, असें त्याचें म्हणणें होतें. ह्या विचारांत तथ्य पुष्कळ होतें. हिंदुस्थानांत येणाऱ्या कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठीं इंग्लंडांत हेलीबरी येथें कॉलेज होतें. तेथें टॉमस माल्थस हा अर्थशास्त्र शिकवीत असे. अशा रीतीनें हें शास्त्र बोटींतून मुंबई-मद्रासेच्या किनाऱ्यास उतरलें.

१८७६ सालीं दख्खनमध्यें पाऊस गेला. सरकारचा हिशेब सरळ होता: जेथें टंचाई तेथें भाव चढेल, जेथें भाव चढेल तेथें व्यापारी आगगाडीनें धान्य आणील, सरकारनें मध्यें पडूं नये. भाव चढले, आगगाड्याही धांवल्या. तरीही माणसें मेलीं, आणि त्याच काळांत हिंदुस्थानांतून धान्याची निर्गत चालूच राहिली.

हें कसें झालें? पाऊस गेल्यानें पहिला घाव धान्याच्या कोठारावर नव्हे, तर मजुरीवर पडला. पेरणी नाहीं, खुरपणी नाहीं, कापणी नाहीं. म्हणून शेतमजुराची रोजंदारी बंद. शेतकऱ्याच्या हातीं पैसा नाहीं. म्हणून विणकराचें लुगडें पडून. त्यांची गरज पूर्वीं होती तेवढीच होती, किंबहुना वाढलेली होती. पण त्यांची मागणी शून्यावर आली होती. बाजार मागणीची हांक ऐकतो. गरजेचा आक्रोश त्याच्या कानांपर्यंत पोंचत नाहीं. चित्रांतील व्यापारी बरोबर वागत होता. चित्रांत नव्हता तो मजूर, ज्याची मजुरीच नाहींशी झाली होती.

सरकारी दुष्काळी कामें होतीं, पण त्यांच्या मजुरीवरही त्याच विचाराची छाया पडली. सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८७४ मध्यें बिहारांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोक वांचविले होते, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका सोसला होता. १८७७ च्या प्रारंभीं ते दक्षिणेंत आले ते काटकसरीचा निश्चय करूनच. धडधाकट पुरुषास दिवसाच्या खोदकामाबद्दल एक रतल धान्य आणि एक आणा, असा दर त्यांनीं सुचविला. मुंबई इलाख्यांत हजारो मजुरांनीं ह्या दरावर काम करण्याचें नाकारलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. ब्रिटिश मुलखांत ह्या दुष्काळानें ५० लाखांच्या वर माणसें नेलीं. १८८० सालच्या दुष्काळ आयोगानें पुढें मान्य केलें कीं, अवर्षणाचा पहिला परिणाम म्हणजे शेतींतील काम थांबणें आणि मजुरीवर जगणारे निराधार होणें. निदान बरोबर होतें. तें उशिरां झालें.

ह्या अनुभवाला शास्त्राच्या भाषेंत उत्तर देण्याचें काम पुण्यासच झालें. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत महादेव गोविंद रानडे ह्यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. त्यांनीं रिकार्डोचें गणित चुकीचें ठरविलें नाहीं. त्यांनीं त्या परंपरेचीं गृहीतकें एकेक करून मांडलीं: मनुष्य केवळ स्वार्थानें चालतो, स्पर्धा अनिर्बंध असते, करार करणारे दोन्ही पक्ष समबल असतात, भांडवल आणि श्रम लाभ दिसेल तिकडे विनासायास वळतात, मागणी आणि पुरवठा आपोआप जुळतात. मग त्यांनीं विचारलें कीं, असा समाज आहे कोठें? युरोपांतही तो जसाच्या तसा नाहीं. हिंदुस्थानांत तर कुटुंब आणि जात व्यक्तीहून बलवान, रूढि स्पर्धेहून बलवान, आणि भांडवल व मजूर दोन्ही जागचे न हलणारे.

समबल कराराचा दाखला शोधण्यास पुण्याच्या श्रोत्यांना दूर जावें लागत नव्हतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले होते, आणि त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जाच्या खतांवर. तीं हिसकावून त्यांनीं जाळलीं. कायद्याच्या दृष्टीनें तीं खतें दोन स्वतंत्र व्यक्तींचे राजीखुषीचे करार होते. रानड्यांचा निष्कर्ष असा कीं, जेथें अटी वेगळ्या तेथें उपायही वेगळे. हिंदुस्थानाला केवळ कच्चा माल पिकविणारा देश म्हणून राहणें परवडणार नाहीं, आणि उद्योग उभारण्यास सरकारनें हात दिला पाहिजे. जर्मनींतील फ्रीडरिख लिस्ट ह्यानें १८४१ सालीं इंग्रजी शास्त्राला जो प्रश्न विचारला होता, त्याचाच हा येथील मातींतला अवतार होता.

१८७७ चा तो मजूर चित्रांत पुरता यावयास मात्र आणखी एक शतक लागलें. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब पुन्हा केला. त्यांच्या मतें १९४३ सालीं बंगालांतील धान्य १९४१ सालाहून कमी नव्हतें. आणि १९४१ सालीं दुष्काळ पडला नव्हता. युद्धाच्या खर्चानें भाव चढले, मजुरी मागें राहिली, आणि ज्यांची मिळकत भावांच्या मागें पडली ते मेले. सेन ह्यांच्या काढलेल्या आंकड्यांवर वाद झाले आहेत; पण दुष्काळांत 'धान्य किती आहे' ह्याबरोबर 'तें घेण्याची ऐपत कोणाची आहे' हेंही विचारलें पाहिजे, हें आतां सर्वमान्य झालें आहे.

त्यापूर्वींच महाराष्ट्रानें हा धडा प्रत्यक्षांत गिरविला होता. १९७२-७३ सालीं राज्याचा मोठा भाग पुन्हा अवर्षणानें होरपळला. ह्या वेळीं रस्ते, बंधारे, पाझर तलाव आणि खडी फोडणें अशीं कामें गांवोगांव निघालीं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसें होतीं. हाल थोडे झाले नाहींत. परंतु १८७७ सारखा संहार टळला. हातीं मजुरी आली तेव्हां गरजेची मागणी झाली, आणि मागणी झाली तेव्हां धान्य लोकांपर्यंत पोंचलें. त्याच अनुभवांतून १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. २००५ सालीं देशानें त्याच धर्तीवर कायदा केला.

ह्या सर्व इतिहासांत स्मिथ आणि रिकार्डो खोटे ठरले, असें म्हणणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. भाव चढला कीं माल तिकडे धांवतो, हा नियम १८७७ सालीं जेवढा खरा होता तेवढाच १९७३ सालींही खरा होता. बदललें तें एवढेंच कीं, भाव देण्याची शक्ति कोणाच्या हातीं आहे हें दुसऱ्या वेळीं आधीं पाहिलें गेलें. अर्थशास्त्राच्या कोणत्याही चित्रापुढें उभें राहतांना वाचकानें हाच प्रश्न विचारावा: ह्यांत कोण वगळला आहे, आणि तो आंत आला तर उत्तर तेंच राहील काय? चित्र काढणाऱ्यास वगळण्याचा अधिकार आहे. त्या चित्रावरून राज्य चालविणाऱ्यास तो नाहीं.