खिशातला धडा, हातातली कानस

श्रोतेहो, पिंप्राळ्याहून जळगावच्या आयटीआयला निघालेल्या पोराच्या खिशात हल्ली मोबाईल असतो, आणि त्यात फिटरचे धडेही मिळतात. हे नवल वाटते खरे. पण गोष्ट जुनी आहे. आपल्या शेजारच्या, मालेगावजवळच्या कौळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्याला कलाभवन काढले. तिथल्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह असा, की धंदेशिक्षण मुलाच्या भाषेतून द्यावे. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, बरे का!

पुढे १९५० साली सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तीतूनच आयटीआय वाढल्या. २०१९ साली ‘भारत स्किल्स’ आले: अभ्यासक्रम, प्रश्नसंच, चित्रफिती, सारे फोनवर. कानस धरायची कशी, हे पडद्यावर दहादा पाहता येते. दाब किती द्यायचा, ते मात्र मनगटालाच कळते. म्हणून गुरुजनहो, चित्रफीत घरी पाहू द्या नि वर्कशॉपचा तास लोखंडासाठी राखा. आता घरात फोन एकच, आणि तो बापाबरोबर शेतात गेलेला असेल, तर त्या पोराचा धडा रात्री जेवणानंतरच सुरू व्हायचा.