नाव धोक्याचं, नोकरी घड्याळाची

बंगळूरवर शत्रूच्या विमानांनी कधी बॉम्ब टाकले नाहीत. तरीही साठी ओलांडलेल्या एखाद्या बंगळूरकरासमोर भोंग्याचा विषय काढून पाहावा. भीतीचा शब्दही तो काढणार नाही. मिलचा भोंगा झाला की आजोबा दाढीला बसायचे, कारखान्याचा झाला की शाळेला निघायचं, दुपारचा झाला की भात चढायचा, असलंच काहीबाही तो सांगत बसेल. शेजारची कानडी बाई 'सैरन आय्तु' म्हणायची, आपल्या मराठी घरात 'भोंगा झाला' म्हणत. धोका सांगायला जन्मलेल्या या यंत्राने सगळी हयात वेळ सांगण्यात घालवली. हे झालं कसं, ते पाहायला त्याच्या कुळापर्यंत मागे जावं लागतं.

कुळं मुळात दोन आहेत. आपल्या कानांनी ती एकात एक मिसळून टाकली आहेत.

पहिलं कूळ वाफेच्या शिट्टीचं. वेल्समधल्या डौलाइसच्या लोखंडाच्या कारखान्यात १८३३ च्या सुमारास एड्रियन स्टीफन्स नावाच्या माणसाने ती बनवली. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं तर वाफेनेच ओरडून सांगावं, एवढाच तिचा हेतू. गिरणीचा जुना भोंगा या घराण्यातला. बॉयलर गिरणीत होताच आणि वाफ आयतीच होती. मालकाला वेगळा खर्च पडत नव्हता. धोक्याची शिट्टी हजेरीची शिट्टी व्हायला मग वेळ लागला नाही.

दुसरं कूळ सायरनचं, आणि ते प्रयोगशाळेतलं. चार्ल्स कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने १८१९ मध्ये भोकं पाडलेली एक तबकडी हवेच्या झोतासमोर फिरवली. भोक समोर आलं की हवा सुटायची, भोक सरकलं की अडायची. सेकंदाला जितक्या वेळा हवा तुटेल तितकी त्या सुराची कंपनसंख्या. तबकडीचे फेरे मोजायचे, भोकांच्या संख्येने गुणायचे, की कुठल्याही सुराचा आकडा हाती येतो. हे यंत्र पाण्याखालीही गायचं, म्हणून त्याने त्याला ग्रीक पुराणातल्या, गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन्सचं नाव दिलं. खलाशांना खडकावर नेणाऱ्या बायांचं नाव घेतलेलं हे यंत्र पुढे धुक्यात जहाजांना खडकापासून दूर ठेवायच्या कामाला लागलं. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर तोफा, कर्णे आणि वाफेवरचे सायरन यांचे आवाज समुद्रात किती लांब जातात ते तपासलं, तेव्हा सायरन सरस ठरला.

नंतर वाफेच्या जागी विजेची मोटर आली, आणि दुसऱ्या महायुद्धात गच्चीगच्चीवर बसलेला सायरन तयार झाला. त्याची रचना आजही तीच. आत खाचा असलेला एक पंखा फिरतो, बाहेर खाचांचंच कडं असतं. आपल्याकडच्या विजेवर मोटर सेकंदाला साधारण ४८ फेरे घेते; पंख्याला १० खाचा असतील तर सूर ४८० कंपनांचा. ब्रिटिश बनावटीच्या अनेक सायरनना एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १२ खाचा असत. त्यामुळे एकाच वेळी दोन सूर निघत, आणि त्यांच्यातलं अंतर आपल्या षड्जापासून कोमल गंधाराएवढं. त्या आवाजात जी रडवेली छटा जाणवते ती या दोन सुरांची. इशाऱ्याचा वर-खाली होणारा आक्रोश काढायला तर वेगळी कळही लागत नाही. बटण दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मोटर मंदावली की सूर उतरतो, वेग घेतला की चढतो. दोन मिनिटं असा हेलकावा म्हणजे धोका, आणि दोन मिनिटं एकसुरी म्हणजे धोका टळला.

कुठलं कूळ ते ओळखणं सोपं आहे. शिट्टी पहिल्या क्षणीच आपल्या सुरावर उभी असते. सायरन खालून चढत येतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ उतरत राहतो.

आवाजाने वेळ सांगायची रीत मात्र या दोन्ही कुळांहून जुनी. पेशवाईत पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी असे. ती तोफ म्हणजे घड्याळही आणि धाकही. गिरणीच्या भोंग्यात हाच दुहेरी स्वभाव उतरला. मुंबईत १८५० च्या दशकात गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामाचा दिवस सूर्यावर चालायचा, उजेड आहे तोवर काम. विजेचे दिवे आल्यावर सूर्य बाजूला पडला, आणि दिवस कधी सुरू होतो हे मालकाच्या घड्याळावर ठरू लागलं. ते घड्याळ चाळीपर्यंत पोचवणारा दूत म्हणजे भोंगा. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईची घड्याळं सुमारे ३९ मिनिटं पुढे सरकली, तेव्हा त्याच महिन्यात गिरणी कामगार त्याविरुद्ध उठले. सूर्य तिथेच, आणि कामावर मात्र ३९ मिनिटं आधी यायचं, हा हिशोब त्यांना शाळेत न जाता कळला होता. मुंबई महानगरपालिका तर १९५५ पर्यंत जुन्या मुंबई वेळेलाच धरून होती. म्हणून गिरणगावच्या भोंग्याच्या आठवणींवर नुसती साखर पेरलेली वाचली की मी जरा बिचकतो. तो भोंगा आजोबांना प्रिय असेलही, पण त्याला उशीर झालेल्या माणसासाठी गिरणीचं दार बंद होत होतं.

बंगळूरला भोंगा आला तो गिरण्यांबरोबरच. १८८४ च्या सुमारास इथे दोन मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. एक मल्लेश्वरमजवळची, लोकांच्या तोंडी राजा मिल. दुसरी बंगलोर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल्स, जी पुढे बिन्नी मिल म्हणूनच ओळखली गेली. मागाहून मिनर्व्हा मिल आली. वकिलांना हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या निकालामुळे पाठ असतं; जुन्या पेठेतल्या लोकांना ते मिलमुळे पाठ होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये या गिरण्यांचे कामगार 'चले जाव'साठी बाहेर पडले. भोंगा झाला तरी आत जायचं नाही, ही चळवळीची भाषा मुंबईइतकीच इथेही चालत होती.

दुसऱ्या कुळाचा, म्हणजे सायरनचा, बंगळूरशी संबंध जुळतो तो एका सोलापूरकरामुळे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं आणि बांधकाम यानंतर त्यांच्या डोक्यात विमानांनी घर केलं, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बंगळूरला स्थापन झाली. म्हैसूर संस्थानाने त्यात २५ लाख रुपये घातले. ऑगस्ट १९४१ मध्ये इथे जुळवलेलं पहिलं विमान उडालंसुद्धा. मग युद्ध दारात आलं. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, डिसेंबरात कलकत्त्यावर. त्याच वर्षी सरकारने कंपनीचा ताबा घेतला आणि पुढे अमेरिकी हवाईदलाची विमानं इथे दुरुस्तीला येऊ लागली. विमानांचा कारखाना म्हणजे शत्रूच्या नकाशावरचं ठळक ठिकाण, आणि म्हणून सायरनची हक्काची जागा. पण बॉम्ब आला नाही, युद्ध संपलं, कारखाना राहिला, आणि पाळ्या सुरू राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या चारी बाजूंना असेच सरकारी कारखाने वसले. १९४८ मध्ये टेलिफोनचा आयटीआय, १९५३ मध्ये यंत्रांचा एचएमटी, १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा बीईएल. प्रत्येकाची वसाहत, प्रत्येकाच्या बसगाड्या, प्रत्येकाच्या पाळ्या. या वसाहतींत मराठी घरंही होती. नाटकाला आणि गणपतीला गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जमायची, एरवी भोंग्याच्या हद्दीत राहायची. हद्द हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कुठवर कुठला भोंगा ऐकू येतो यावर माणूस कुठल्या बंगळूरचा ते ठरायचं. विमान कारखान्याजवळच्या विमानपुराचा माणूस आणि एचएमटीकडच्या जालहळ्ळीचा माणूस एकाच शहरात वेगवेगळ्या आवाजांवर जेवत होते.

माझी आत्या जालहळ्ळीला एचएमटीच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. "भोंगा व्हायचाय अजून, बस, चहा होतोच," असं ती म्हणायची आणि चहा खरंच भोंग्याच्या आत व्हायचा. घड्याळं होती, पण कपाटात, सणासुदीला मनगटावर चढवायची. ती ज्या कारखान्याच्या भोंग्यावर चहा टाकायची, तो १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने मनगटी घड्याळं बनवत होता. 'जनता' घड्याळ नावाप्रमाणे जनतेच्या हातात गेलं, मुलाला दहावी पास झाल्यावर मिळू लागलं, जावयाला मांडवात दिलं जाऊ लागलं. भोंगा झाल्यावर कामावर बसलेले लोक आठ तास भोंग्याचीच गरज संपवणारी वस्तू जोडत होते, असा हा उफराटा प्रकार. भोंग्याला कुणी मारलं म्हणून मोबाइलकडे बोट दाखवतात; माझ्या मते पहिला घाव 'जनता'चा.

बाकीचं काम शहरानेच केलं. राजा मिलच्या जागेवर आज मंत्री स्क्वेअर मॉल आहे, बिन्नी मिलच्या जमिनीवर उंच इमारती. संगणकाच्या कंपन्यांना सगळ्यांनी एका क्षणी आत यावं अशी गरज नव्हती, दाराशी कार्ड टेकवलं की झालं. उलट इथली अर्धी माणसं अमेरिकेच्या वेळेवर जागी. अशा शहरात सकाळचा भोंगा कुणासाठी वाजवायचा? एचएमटीचा घड्याळ विभागही २०१६ मध्ये बंद झाला.

वर्षातून एकदा मात्र सरकार भोंग्याची आठवण काढतं. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, जिथे सायरन असेल तिथे तो १० वाजून ५९ मिनिटांनी सुरू करून ११ वाजता थांबवायचा, दोन मिनिटं शांतता, आणि ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा एक मिनिट वाजवायचा, असा केंद्राचा दंडक आहे.

मग ७ मे २०२५ आला. देशभरातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी त्या दिवशीच्या हवाई हल्ल्याच्या सरावाचा आदेश निघाला होता. कर्नाटकातली ठिकाणं बंगळूर, कारवार आणि रायचूर. बंगळूरात तेव्हा शिरगणती झाली ती भोंग्यांची: शहरात ३५, त्यांतले ३२ चालू. बिघडलेल्या तिघांचा पत्ता सराव निघाला म्हणून लागला. राजा मिलचा भोंगा एखाद्या सकाळी मुका राहिला असता तर अख्ख्या मल्लेश्वरमने अर्ध्या तासात चौकशी केली असती. त्याच आठवड्यात, १० मे रोजी, केंद्राने वाहिन्यांना बजावलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज उगाच वापरू नका. लोकांचा कान मरेल आणि खऱ्या वेळी ते दुर्लक्ष करतील. दूरचित्रवाणीवरच्या आरडाओरड्यापुरतं हे मला पूर्ण पटतं. गच्चीवरच्या भोंग्याबाबत मात्र पटत नाही. आत्याचा कान रोजच्या भोंग्याने मेला नव्हता. भलत्या वेळी तो एक क्षणही वाजला असता तर ती गॅस बंद करून दारात आली असती, कारण कुठल्या वेळी तो वाजत नाही हे तिला माहीत होतं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोजच्या भोंग्याचा हाच जुना मार्ग पुन्हा धरला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातला भोंगा वाजतो, आणि घराघरांतले टीव्ही नि मोबाइल दीड तास बंद होतात. मुलं पुस्तकं उघडतात, मोठी माणसं बोलत बसतात किंवा बसायचा प्रयत्न करतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मालिका सुरू. या भोंग्याच्या तपासणीसाठी कुठल्या मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. तो बिघडला तर त्याच संध्याकाळी गावाला कळतं, आणि सगळ्यात आधी पोरांना.