संहत सल्फ्युरिक आम्लाचे विरलीकरण

संहत सल्फ्युरिक आम्लाचे विरलीकरण म्हणजे हे आम्ल पाण्यात मिसळून त्याची संहती कमी करण्याची क्रिया होय. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती वारंवार केली जाते. मात्र क्रम चुकल्यास तिच्यामुळे गंभीर इजा होऊ शकते. आम्ल पाण्यात मिसळावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हा तिचा मूलभूत नियम आहे.

नियमामागील कारण

संहत सल्फ्युरिक आम्ल वजनाने सुमारे ९८ टक्के असते. त्याची घनता १.८४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते. विरलीकरण ही उष्मादायी प्रक्रिया असून एक मोल आम्ल भरपूर पाण्यात मिसळताना सुमारे ९५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आम्लात पाणी ओतल्यास हलके पाणी पृष्ठभागावरच राहते, तेथे एकाएकी उकळते आणि आम्लाचे थेंब बाहेर उडतात. पाण्यात आम्ल सोडल्यास मात्र जड आम्ल खाली जाऊन मिसळते आणि पाण्याचा मोठा साठा उष्णता शोषून घेतो.

कृती

बोरोसिलिकेट काचेच्या चंचुपात्रात प्रथम थंड पाणी घेतात. पात्र बर्फाच्या पाण्यात ठेवून काचकांडीने सतत ढवळत आम्ल बारीक धारेने सोडतात. द्रावण तापल्यास ते थंड होईपर्यंत थांबतात. सुरक्षा चष्मा, आम्लरोधक हातमोजे, सुती अॅप्रन आणि बंद पादत्राणे आवश्यक असतात.

प्रथमोपचार

आम्ल त्वचेवर पडल्यास भिजलेले कपडे तत्काळ काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावा. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावे व लगेच वैद्यकीय उपचार घ्यावेत. त्वचेवर आम्लारी लावू नये, कारण उदासिनीकरणातही उष्णता निर्माण होते. बाकावर सांडलेल्या थोड्या आम्लावर मात्र सोडियम बायकार्बोनेट टाकता येते.

तीव्रता आणि धोका

‘तीव्र’ आणि ‘संहत’ हे शब्द समानार्थी नाहीत. आम्लाची तीव्रता त्याच्या पाण्यातील आयनीभवनावर, तर संहती द्रावणातील त्याच्या प्रमाणावर ठरते. केवळ तीव्रतेवरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल रासायनिकदृष्ट्या सौम्य असले, तरी ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते व प्राणघातक ठरू शकते. म्हणून प्रत्येक आम्ल हाताळण्यापूर्वी बाटलीवरील सूचना वाचणे आवश्यक असते.