विजयनगर : बाजार आणि बांध

विजयनगरचे नाव निघाले की माणकामोत्यांचा बाजार आणि राजवाड्याचा थाट डोळ्यांपुढे उभा राहतो. परदेशी प्रवाशांनी ही वर्णने लिहून ठेवली आहेत, आणि ती खोटी म्हणता येत नाहीत. परंतु श्रोतेहो, शहर किती श्रीमंत होते यापेक्षा ते कशावर जगत होते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. कामगार चळवळीत आयुष्य गेलेला माणूस कारखान्याची कमान पाहत बसत नाही. तो आधी हजेरीपट मागतो. इतिहासाकडेही मी त्याच सवयीने पाहतो.

इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रज्जाक १४४३ साली येथे आला. शहराला एकात एक सात तट असल्याचे तो सांगतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरच्या तटांच्या मधल्या जागेत शेते, बागा व घरे होती. म्हणजे वेढा पडला तरी थोडेफार धान्य आतच पिकावे, अशी ती रचना होती. पुढे १५२० च्या सुमारास कृष्णदेवरायाच्या काळात दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज आला. लादलेल्या बैलांची एवढी गर्दी, की ते पुढे सरेपर्यंत माणसाला थांबून राहावे लागे, असे तो लिहितो.

पाइशने आणखी एक दृश्य पाहिले. आजच्या होसपेटच्या बाजूस दोन टेकड्यांच्या तोंडाशी राजा मोठा तलाव बांधवीत होता. तेथे पंधरा-वीस हजार माणसे मुंग्यांसारखी राबत होती. पायाखालची जमीन दिसत नव्हती. कामाचे वाटे सरदारांना नेमून दिले होते आणि आपापल्या माणसांकडून काम करून घेणे ही सरदारांची जबाबदारी होती. बांध दोन-तीनदा फुटला. तेव्हा देव बळी मागतो असे ब्राह्मणांनी सांगितले आणि राजाने साठ माणसांची, शिवाय काही घोडे व रेडे यांची मुंडकी उडवली. नुनिश हा पुढचा प्रवासी सांगतो की बळी दिले ते कैदी होते. बांध का फुटला याची चौकशी करायची सोडून दुबळ्याची मान पुढे करायची, हा प्रकार आम्हाला अपरिचित नाही. यंत्र मोडले की पहिला जबाब मजुराचाच घेतात.

या कामासाठी जुआंव द ला पोंति नावाचा पोर्तुगीज गवंडी मागवला होता. त्याने चुना तयार ठेवायला सांगितले तेव्हा राजाला फार हसू आले, असे नुनिश लिहितो. गवंड्याचे नाव राहिले. वीस हजारांपैकी एकाचेही राहिले नाही.

पण त्याच नुनिशची दुसरी नोंद राजाच्या बाजूची आहे, आणि ती लपवणे बरे नव्हे. तलावाच्या पाण्यावर भिजणारी जमीन लोकांना नऊ वर्षे बिनसाऱ्याने दिली. आधी जमीन सुधारू द्यायची, मग सारा घ्यायचा. पुढे उत्पन्न वीस हजार पर्दावांवर गेले. आमच्या काळातल्या कित्येक योजनांना एवढा धीर नसतो.

मग हे शहर ओस का पडले? जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीची लढाई झाली. अहमदनगरचा हुसेन निजामशहा, विजापूर, गोवळकोंडा व बिदर एकत्र आले. रामराय मारला गेला. तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला. शहराची लूट झाली हे खरेच. परंतु लुटलेली गावे पुन्हा वसतात. इथे दरबारच गेला. बैलांचे तांडे येत ते दरबाराच्या व सरदारांच्या पैशावर, आणि तो पैसा येई दूरदूरच्या मुलखांच्या साऱ्यातून. तो आटल्यावर सोनार, विणकर, हमाल यांनी कोणासाठी थांबायचे? १५६७ साली सीझर फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी तेथे राहिला. घरे उभी आहेत पण रिकामी, आणि त्यांत वाघ व रानटी जनावरे राहतात असे सांगतात, अशी त्याची नोंद आहे.

पाणी मात्र दरबाराबरोबर गेले नाही. तुंगभद्रेवर दगडी बंधारे घालून काढलेले कालवे शेतकऱ्यांनी वापरात ठेवले. १९५३ साली तुंगभद्रेचे धरण पुरे झाले, तेव्हा राया व बसवण्णा या कालव्यांना सरळ जलाशयातून पाणी मिळू लागले. हंपीच्या पडक्या देवळांमधून तुर्तु कालवा आजही वाहतो, आणि त्याच्या काठी केळीच्या बागा उभ्या आहेत.