भुंगेऱ्यांची शिंगे : नर-मादी-भेदाच्या एका प्रश्नाचा इतिहास

कोकणात माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा सर्वांच्या परिचयाचा आहे. लिनीअसने १७५८ साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. डोक्यावरील शिंगावरून त्याचे नर-मादी ओळखू पाहणारा नवशिका विद्यार्थी पुष्कळदा फसतो; कारण आखूड शिंग मादीलाही असते, आणि खुरट्या नराचे शिंग तिच्या शिंगाहून फारसे मोठे नसते. खात्रीची खूण शरीराच्या दुसऱ्या टोकास आहे. मादीच्या उदराच्या अखेरच्या खंडावर तांबूस केसांचा दाट झुबका असतो. नराचा तो भाग बहुतांशी केसरहित असतो.

शिंगासारखा डोळ्यांत भरणारा अवयव लिंगनिश्चितीस अपुरा पडावा, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. याच अनिश्चितपणाने डार्विनला चकविले. मानवाच्या अवतरणावरील त्याच्या १८७१ च्या ग्रंथात कीटकांना वाहिलेला भाग आहे. त्यात शृंगधारी भुंगेऱ्यांच्या नर-मादींच्या जोड्यांची चित्रे दिली असून लैंगिक निवडीच्या उपपत्तीसाठी त्यांचा उपयोग केलेला आहे. सांबरकिड्याचे मोठे जंभ हे झुंजीचे साधन आहे, हे डार्विनला मान्य होते. शिंगांविषयी मात्र त्याचा निर्णय वेगळा पडला. एकाच जातीच्या नरांत शिंगांची लांबी कमालीची बदलते, आणि ती झिजलेली वा भंगलेली आढळत नाहीत. तेव्हा ती शस्त्रे नसून मादीला मोहविणारी भूषणे असावीत, असे अनुमान त्याने काढले. अनुमानाची रीत निर्दोष होती. परंतु डार्विनपुढे होते ते संग्रहालयातील टाचणीला टोचलेले मृत नमुने. जिवंत भुंगेरा शिंगाचे काय करतो, हे त्या पेटीत कसे दिसावे?

बदलाचे मोजमाप करण्याचे काम १८९२ मध्ये बेटसन व ब्रिंडली यांनी केले. झायलोट्रूपीस गिडिऑन या जातीच्या नरांची शिंगे मोजली असता ती एका सरासरीभोवती न जमता दोन गटांत विभागतात, असे त्यांना आढळले : दीर्घशृंगी नर आणि अल्पशृंगी नर, मधले थोडे. पुढे १९३२ साली ज्यूलियन हक्स्लीने शरीराच्या वाढीशी अशा अवयवांच्या वाढीचे गणिती नाते मांडले. प्रयोजनाचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. ब्रिटिश म्यूझियममधील गिल्बर्ट ॲरो याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेत आपल्याकडील या कुलांचे खंड लिहिले. त्यांचे ऋण येथील प्रत्येक कीटकशास्त्रज्ञावर आहे. परंतु त्याच्या मृत्यूनंतर १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या शृंगधारी भुंगेऱ्यांवरील पुस्तकाचा कल शिंगे निरुपयोगी ठरविण्याकडेच होता. नमुन्यांचा इतका मोठा जाणकार त्या निष्कर्षाला यावा, यात संग्रहालयीन पद्धतीची मर्यादा उघड होते.

कोंडी फुटली ती क्षेत्रनिरीक्षणाने. विल्यम एबरहार्डने १९७९ मध्ये पोडिश्नस अजेनॉर या जातीच्या शिंगांचा वापर वर्णिला. हे नर उसाच्या कांड्यात बिळे कोरतात आणि बिळाच्या ताब्यासाठी झुंजतात. प्रतिस्पर्ध्याला चिमटीत धरून उचलण्याच्या कामी शिंगे येतात. शेणातील भुंगेऱ्यांत डग्लस एम्लेनने पनामात जे पाहिले ते अधिकच उद्बोधक आहे. दीर्घशृंगी नर मादीच्या बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. अल्पशृंगी नर झुंज टाळून बाजूने वेगळे भुयार खणतो व चोरवाटेने मादीपाशी पोहोचतो. कोणता नर कोणत्या गटात पडणार, हे मुख्यतः आईने अळीसाठी ठेवलेल्या शेणाच्या गोळ्यावर अवलंबून असते. ज्या बदलशीलतेला डार्विनने शस्त्र-कल्पनेविरुद्धचा पुरावा मानले, ती अशा रीतीने झुंजीच्याच व्यवस्थेचा भाग ठरली. शिंगाची किंमतही नराला मोजावी लागते. कोशावस्थेच्या सुमारास शिंग वाढते तेव्हा शेजारच्या अवयवांच्या वाट्याचे पोषण ते घेते. त्याच्या जागेनुसार डोळे, शृंगिका किंवा पंख लहान राहतात. २००१ साली एम्लेनने हे दाखविले.

मादीकडे मात्र या साऱ्या चर्चेत फारसे कोणी पाहिले नव्हते. तिचे शिंग म्हणजे नराच्या शिंगाचा अनुवंशाने उतरलेला फिका अंश, अशी समजूत रूढ होती. आणि गेंड्या भुंग्याच्या मादीपुरती ती खपूनही जाते. ऑन्थोफेगस सॅजिटेरिअस या आशियाई शेणकिड्याला ती लागू पडत नाही. त्याच्या नराच्या डोक्यावर दोन आखूड शिंगे असतात, तर मादीच्या डोक्यावर मध्यभागी एक ठळक शिंग आणि वक्षावर दुसरे. आकार निराळा, जागाही निराळी. मग हा नराचा वारसा कसा म्हणावा? वॉटसन आणि सिमन्स यांनी २०१० मध्ये प्रयोगान्ती दाखविले की शेण मर्यादित असता माद्या आपसांत स्पर्धा करतात, आणि मोठ्या शिंगाची मादी अंड्यांसाठी अधिक गोळे तयार करू शकते.