झारी, बुधला आणि बेंदराचा बैल

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली की कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या दिसतात. कर्नाटकी बेंदूर या बैलांच्या सणाची ही खरेदी. गिऱ्हाईक 'बैल द्या' म्हणतं, 'मूर्ती द्या' म्हणत नाही. मूर्ती गणपतीची, हा बैलच.

प्राचीन ग्रीकांनीही मातीची जनावरं घडवली, पण पोकळ, आत मद्य भरायला. मेंढ्याच्या किंवा बैलाच्या डोक्याच्या अशा पात्राला 'रायटन' म्हणतात. या नावात जनावर कुठेच नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ वाहणे; कित्येक रायटनांना तळाशी छिद्र असे आणि त्यातून धार पडे. हा ग्रीक धातू आणि संस्कृतातला 'स्रु' एकाच मुळाचे. म्हणजे आपला 'स्रोत' आणि 'स्राव' हे रायटनचे भाऊबंदच.

मराठीनेही हेच केलं. संस्कृत 'क्षर्' प्राकृतात 'झर' झाला, त्यातून झरणे आणि झरा आले, आणि झारीही त्याच कुळातली. म्हणून बळीच्या दानाचं पाणी अडवायला शुक्राचार्य झारीच्याच तोंडात बसले. जिचं नावच झरण्यावरून पडलं, तिचं झरणं थांबवणं हाच त्या गोष्टीतला अपराध. 'झारीतला शुक्राचार्य' आजही आपल्या तोंडी आहे तो त्यामुळेच.

दुसरा ग्रीक शब्द 'आस्कॉस', म्हणजे चामड्याची पिशवी. 'ओडिसी'त वारे कोंडले ते असल्याच पिशवीत. फुगीर पोटाच्या मातीच्या भांड्यांना अभ्यासक हेच नाव देतात. प्राचीन इटलीतल्या एत्रुस्कन कुंभारांची बदकाच्या आकाराची भांडीही त्यातच येतात. आपली 'पखाल' म्हणजे 'पयस्' अधिक 'खल्ल', पाण्याचं कातडं. तेला-तुपाचा बुधलाही मुळात चामड्याचाच.

भूमध्य सागराकडच्या वस्तू कोल्हापूरला परक्या नाहीत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे.

तरीही रायटनबद्दल मराठीत लिहायची वेळ आली की 'प्राण्याच्या आकाराचे प्राचीन भांडे' असं लांबलचक वर्णन येतं. मला ते पटत नाही. ज्या भाषेत गोमुखातून तीर्थ पडतं, तिला 'मेषमुखी झारी' अवघड नाही. एत्रुस्कन बदकाला 'बदक-बुधला' म्हणावं. संग्रहालयांच्या पाट्या लिहिणाऱ्यांनी आणि पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी हे शब्द एकदा वापरून पाहावेत, एवढीच विनंती.